अनंत फंदीचा फटका

लोकांच्या तोंडी बसलेल्या गाण्यांचे आयुष्य बहुधा फार थोडे असते. एखादे गाणे लग्नसराईच्या तोंडावर येते, मांडवामांडवांतून वाजते, पोरेटोरे ते गुणगुणू लागतात, आणि पुढच्या लग्नसराईला त्याची आठवणही कोणाला राहत नाही. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. मोगऱ्याच्या गजऱ्याने वर्षभर टिकावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. परंतु हजारांत एखादे गाणे असे निघते की, ते ज्याने केले तो जातो, ज्या राज्यात केले ते राज्य जाते, ज्या वाद्यांवर ते म्हटले त्या वाद्यांचा जमाना मागे पडतो, आणि गाणे मात्र राहते. असे गाणे कशाच्या बळावर राहते आणि त्याचा खरा अर्थ कोणता, याचा विचार करणे उद्बोधक असते.

त्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातील संगमनेरचा शाहीर अनंत फंदी याचा जो फटका 'बिकट वाट' या दोन शब्दांनी ओळखला जातो, तो आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केलेला आहे. त्याचा पहिला चरण म्हणीसारखा वापरला जातो. मुलाने चालू धंदा सोडून नवीन काही काढायचे म्हटले की घरातील वडीलमाणूस तो चरण म्हणते आणि विषय संपतो. मात्र 'पुढे काय आहे?' असे विचारले तर बहुतेकांची गाडी तिसऱ्या-चौथ्या चरणाशी अडते. म्हणजे गाणे प्रसिद्ध आहे ते आरंभामुळे, आणि त्याचा अर्थही आपण आरंभावरूनच ठरवून टाकलेला आहे. तो अर्थ असा : मळलेली वाट सोडू नये, धाडस करू नये, चार लोक जातात तसे जावे. हा अर्थ बरोबर आहे काय? बरोबर असेल तर हे गाणे मुलांकडून पाठ करून घेणे शहाणपणाचे आहे काय? आणि बरोबर नसेल, तर फंदी आपल्याला सांगतो तरी काय?

प्रथम माणूस पाहू. अनंत भवानीबावा घोलप हे त्याचे नाव. जन्म १७४४ चा, मृत्यू १८१९ चा. जातीने ब्राह्मण, परंतु वृत्ती तमाशाची. संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता. त्याचे वागणे जगावेगळे, म्हणून लोक त्याला फंदी म्हणत. अनंताचे आणि त्याचे सख्य जमले आणि मित्राचे नाव अनंतालाही चिकटले. घोलप हे आडनाव मागे पडले आणि मराठी वाङ्मयात तो अनंत फंदी म्हणूनच राहिला. फंद म्हणजे नसते छंद, आडवळणाचे उद्योग. अशा माणसाने धोपट मार्गाचे गाणे गावे आणि तेच सर्वांत जास्त टिकावे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तो ज्या मंडळीत बसतो ती मंडळीही पाहण्यासारखी आहे. सोलापूरचा राम जोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. उत्तर पेशवाईतील या शाहिरांनी डफ, तुणतुणे आणि ढोलकी यांच्या साथीने मराठी मुलूख नादावून टाकला. त्यांच्या काळी गाणे छापून विकले जात नव्हते. रात्री फडावर ऐकलेले गाणे ऐकणाराच्या कानात राहील तेवढेच दुसऱ्या दिवशी गावात राही. कित्येक कवने अशीच विरून गेली असतील. होनाजीने फंदीची तुलना समुद्राशी केली आहे, इतकी त्याची रचना विपुल. खर्ड्याच्या लढाईवर त्याचा पोवाडा आहे. ही लढाई १७९५ साली आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात झाली. सवाई माधवरावांच्या अंतावरही त्याने काव्य रचले.

त्याच्या आयुष्यातील एक गोष्ट परंपरेने सांगितली जाते. अहिल्याबाई होळकरांनी त्याला, ब्राह्मणाने तमाशाच्या फडावर उभे राहावे हे बरे नव्हे, असे सुनावले. तेव्हा त्याने तमाशा सोडला आणि कीर्तनाची वाट धरली. अहिल्याबाई म्हणजे जामखेड तालुक्यातील चौंडीच्या कन्या. १७२५ साली तेथे त्यांचा जन्म झाला, आणि २०२४ साली या जिल्ह्याला त्यांचेच नाव मिळाले. माहेरच्या मुलुखातील शाहिराला मोठ्या बहिणीने कान धरून चार शब्द सांगावेत, तसा हा प्रसंग आहे. तमाशा ही काही पाप करण्याची जागा नव्हे, असे आपण आज म्हणू, आणि ते योग्यच आहे. परंतु फटका समजण्यासाठी एवढे पुरे की, उपदेश करणाराने आधी उपदेश ऐकूनही घेतला होता.

आता फटका म्हणजे काय ते पाहू. फटका म्हणजे छडीचा तडाखा. ज्या रचनेत ऐकणाराला सरळ 'तू' म्हणून चार गोष्टी बजावल्या जातात, तिला हे नाव पडले. तिचा बांधा मात्र उपदेशाचा नसून लावणीचा आहे. या फटक्याचा चरण मोजून पाहा. तो तीस मात्रांचा भरतो : आधी सोळा, मग चौदा. आणखी बारकाईने पाहिले तर आठ, आठ, आठ आणि सहा. आठ मात्रांच्या ठेक्यावर तो म्हटला की, शेवटच्या सहा मात्रांनंतर दोन मात्रांचा विसावा उरतो. त्या विसाव्यात डफावर थाप पडते आणि ऐकणाराच्या मनात शब्द ठसतो. तो शब्द कोणता? 'नको.' प्रत्येक चरण याच एका शब्दावर येऊन थांबतो. पुढील चरणात काय येणार हे ठाऊक नसले, तरी तो कोठे संपणार हे फडावरच्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असते, आणि तो शब्द तो शाहिराबरोबर उच्चारतो. अशा रीतीने ऐकणारा नकळत स्वतःलाच बजावू लागतो. मध्ये मध्ये आखूड चरणांची कडवी येतात, तेथे एकामागून एक यमके झडतात आणि चाल बदलते, त्यामुळे कंटाळा येत नाही. ज्या ठेक्यावर लोकांचे पाय थिरकत, त्याच ठेक्यावर फंदीने संसाराच्या गोष्टी घातल्या.

या गोष्टी कोणत्या? त्या क्रमाने न सांगता त्यांचे गट पाडले तर अर्थ अधिक उघड होतो.

पहिला गट घरचा. आईबापांवर रागावून बसू नये. तोंड पाडून घरात वावरू नये. दारी आलेल्याला मूठभर द्यायला कचरू नये. हातावर हात ठेवून दिवस काढू नयेत.

दुसरा गट बाजारचा. व्यवहारात डोळे उघडे ठेवावेत. पोटासाठी नाही नाही त्या खटपटी करू नयेत. पैजा लावू नयेत. दुसऱ्याची ठेव गिळण्याची बुद्धी धरू नये. गाठी पैसा असेल तर तो जरूर जोडावा, पण चांगल्या कामाला लावताना हात आखडू नये. मित्रासाठी पदराला खार लावून घ्यावा, मात्र त्याला जामीन राहू नये. आणि घामाची भाजीभाकरी चोरीच्या साखरतुपापेक्षा केव्हाही गोड मानावी.

तिसरा गट जिभेचा. लबाड बोलू नये. कोणाचे वर्म काढून त्याला चारचौघांत खाली पाहायला लावू नये. आपल्या शहाणपणाची आणि श्रीमंतीची मिरवणूक काढू नये, कारण जगात आपल्याहून वरचढ कोणीतरी असतोच.

चौथा गट अधिकाराचा, आणि माझ्या मते फटक्याचा प्राण येथे आहे. कोणा बड्याचा पाठिंबा आहे म्हणून गरिबावर डोळे वटारू नयेत. अधिकार ही दोन दिवसांची गोष्ट आहे, ती संपली की मागे फक्त नाचक्की उरते. पेशव्यांच्या राज्यात, जेथे वशिला हेच पुष्कळांचे भांडवल होते, तेथे फडावर उभे राहून हे म्हणणे लहान गोष्ट नव्हती. समोरच्या गर्दीत कमाविसदाराचा कारकूनही बसलेला असणार आणि त्याने गांजलेला कुणबीही. दोघांनाही शाहीर तेच सांगतो, फक्त एकाला ते टोचते आणि दुसऱ्याला दिलासा देते.

शेवटचा गट मनाचा. चांगला विचार छाटून टाकू नये, सज्जनांची संगत तोडू नये, भेदभावाच्या मागे लागू नये, ईश्वराला विसरू नये. देवाने ठेवले त्या स्थितीत समाधान मानावे, असेही तो म्हणतो. या अखेरच्या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

आता पहिल्या चरणाकडे वळू. त्यात दोन शब्द महत्त्वाचे आहेत. 'वहिवाट' हा शब्द शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. जमिनीचा वाद असो, बांधावरचा रस्ता असो, 'वहिवाट कोणाची?' हाच पहिला प्रश्न असतो. वहिवाट म्हणजे रोजचा वापर, चालत आलेला उपभोग. तेव्हा फंदीचे म्हणणे असे की, बिकट वाट ही आपली नेहमीची वाट होऊ देऊ नये. बिकट वाटेला कधी पाऊलच टाकू नये, असे तो म्हणत नाही. प्रसंगी घाट चढावा लागतो. परंतु आडरानाने जाणे हाच ज्याचा रोजचा परिपाठ झाला, त्याचा संसार रस्त्यावर येतो. 'धोपट' म्हणजे तुडवलेला, अनेकांच्या पावलांनी सपाट झालेला. हा मार्ग कोणा राजाने बांधलेला नसतो. असंख्य माणसे तेथून गेली आणि सुखरूप पोचली, एवढाच त्याचा दाखला.

हे ज्या काळात सांगितले तो काळ आठवा. पानिपत झाले तेव्हा अनंत सतरा वर्षांचा होता. १७९५ साली खर्ड्याचा जय झाला आणि त्याच वर्षी सवाई माधवराव गेले. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा पुण्यात आल्या. १८०३-०४ साली दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. पेंढाऱ्यांच्या टोळ्या मुलूख लुटीत होत्या. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुढल्या वर्षी फंदीने डोळे मिटले. जेथे मोठमोठे सरदार रोज नवा पक्ष धरीत आणि रोज नवा डाव टाकीत, तेथे साध्या माणसाला 'बाबा, तू सरळ रस्त्याने जा' असे सांगणे हा भित्रेपणा नव्हता. तो त्या काळावरचा अभिप्राय होता. आडवाटांनी राज्य कसे चालते ते लोक पाहत होते. निदान घर तरी तसे चालवू नका, असे शाहीर म्हणत होता.

एवढे सांगितल्यावरही आक्षेप उरतोच, आणि तो याच जिल्ह्याच्या इतिहासातून उभा राहतो. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांनी नगरात मुलींच्या शाळा चालविल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनाने घेतले आणि १८४८ साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण नगरला फॅरारबाईंकडे घेतले. या दांपत्याने धोपट मार्ग सोडला नसता तर काय झाले असते? त्यांना घर सोडावे लागले, लोकांचे शिव्याशाप सोसावे लागले. ती त्यांची एका दिवसाची बिकट वाट नव्हती, ती त्यांची वहिवाटच होती. आणि 'देवाने दिलेल्या स्थितीत समाधान मान' हे वचन त्यांनी शिरोधार्य धरले असते, तर ज्यांना माणसांनीच हीन स्थितीत ढकलले होते, ते तेथेच राहिले असते. स्थिती देवाने दिली की समाजाने लादली, हा भेद फटका करीत नाही. येथे त्याची मर्यादा आहे, आणि गाणे आवडते म्हणून ती झाकण्यात अर्थ नाही.

दुसरे उदाहरण जामीनकीचे. नगर जिल्ह्याचा शेतकरी वर आला तो सहकाराने, आणि सहकाराचा पाया काय? १९०४ च्या कायद्याने खेड्यातील पतपेढ्या निघाल्या त्या अमर्याद जबाबदारीच्या तत्त्वावर, म्हणजे सभासदाने एकमेकांच्या कर्जाला बांधून घेण्याच्या तत्त्वावर. फंदीच्या शब्दाला धरून बसले असते तर अशी एकही सोसायटी उभी राहिली नसती. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला शेतकऱ्यांनी भाग भांडवल जमवून सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५० साली तो चालू झाला. त्या वेळी ही वाट बिकट नव्हती काय? चांगलीच बिकट होती. आणि आज? आज जिल्ह्यात ती इतकी मळलेली आहे की, तिच्यावरचे खड्डे कोणते एवढ्याचीच चर्चा होते.

या दोन उदाहरणांतच फटक्याचा उलगडा आहे असे मला वाटते. प्रत्येक धोपट मार्ग मुळात कोणाची तरी बिकट वाट असतो. पहिले पाऊल टाकणारा काटे तुडवतो, दुसरा त्याच्या पावलावर पाऊल ठेवतो, आणि शंभरावा म्हणतो की हा तर नेहमीचा रस्ता. मुलीने शाळेत जाणे हा आज धोपट मार्ग आहे. फंदीचे गाणे या शंभराव्या माणसासाठी आहे. पहिल्या माणसाला लागणारे धैर्य या गाण्यात नाही, ते त्याने दुसरीकडून मिळवावे. परंतु पहिला माणूस आणि शंभरावा माणूस यांना एक गोष्ट सारखीच लागते : ती म्हणजे रोजचा सचोटीचा व्यवहार. पतपेढी काढणाराला धाडस लागते, आणि ती चालविणाराने दुसऱ्याची ठेव गिळू नये, वशिल्याच्या जोरावर गरिबाला दरडावू नये, हे फंदीचेच नियम लागतात. संस्था काढणारे कमी पडले म्हणून बुडाली, असे क्वचितच ऐकू येते. ती बुडते ती फटक्याच्या मधल्या कडव्यांचा विसर पडल्यामुळे.

या गाण्याच्या टिकण्याचे कारणही येथेच सापडते. होनाजीची घनश्यामाची भूपाळी घ्या. १९५१ साली व्ही. शांताराम यांच्या 'अमर भूपाळी' या चित्रपटात, वसंत देसाई यांच्या संगीतात, पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या कंठांतून ती पुन्हा घरोघर गेली. ती टिकली सुरांच्या गोडीने. पहाटेचा एक क्षण तिने असा पकडला आहे की, पहाट आहे तोवर ती राहील. फटक्याची गोष्ट वेगळी. तो चालीवाचून नुसता म्हटला तरी काम करतो, कारण तो सोबतीला येतो तो दुपारी दुकानात, कचेरीत आणि भाऊबंदकीच्या बैठकीत. त्यात एकाही राजाचे नाव नाही, एकाही लढाईचे वर्णन नाही. खर्ड्याचा पोवाडा समजायला इतिहासाचे पुस्तक उघडावे लागते, फटका समजायला स्वतःचा मागचा आठवडा आठवला तरी पुरे.

आणखी एक कारण सांगणाराच्या आवाजात आहे. हा आवाज उंच आसनावरून येत नाही. ज्याच्या नावातच फंद आहे, ज्याने जत्रा, रात्री आणि गर्दी पाहिली आहे, असा अनुभवी माणूस शेजारी बसून सांगतो की, अमुक करू नकोस. मी कधी घसरलो नाही, असा आव त्याच्या बोलण्यात नाही. असा उपदेश माणूस रागावल्याशिवाय ऐकतो. राम जोशीच्या उपदेशपर कवनांतही हाच गुण आहे, आणि तोही तमाशाकडून कीर्तनाकडे वळलेलाच होता.

फंदीने पाडलेला हा साचा अजूनही उपयोगी पडतो. स्वातंत्र्याला पन्नास वर्षे होत असताना कुसुमाग्रजांनी स्वातंत्र्यदेवतेच्या तोंडी एक विनवणी घातली, ती याच फटक्याच्या वळणावर. फंदीच्या 'नको'चे तेथे 'नका' झाले. फंदी एका संसारी माणसाशी बोलत होता, कुसुमाग्रजांची देवता साऱ्या देशाशी बोलते. माणसाला 'तू' म्हणून सांगितलेले शब्द राष्ट्राला 'तुम्ही' म्हणून सांगण्याची गरज पडावी, यावरून आपण पुढे किती आलो आणि मागे काय विसरलो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा मुलाने नवे काही काढायचे म्हटले की पहिला चरण म्हणून त्याचे तोंड बंद करणे, हा फंदीवरही अन्याय आहे आणि मुलावरही. चरण म्हणायचाच असेल तर गाणे शेवटपर्यंत म्हणावे. जाणार तो मार्ग नवा असेना का, पण त्यावर खोटे बोलणार नाहीस ना, दुसऱ्याची ठेव बुडवणार नाहीस ना, हाती चार माणसे आली म्हणजे त्यांच्यावर गुरगुरणार नाहीस ना, एवढे त्याला विचारावे. त्याने या प्रश्नांना मान दिला तर त्याला खुशाल जाऊ द्यावे. त्याच्या पावलांनी ती वाट मळेल, आणि पुढे तीच कोणाचा तरी धोपट मार्ग होईल.